शिरोरेषा जुळली तर मशीन घ्यायचं

वेलीचा देठ बरोबर मध्यावर तुटला होता. वरचा अर्धा भाग जागच्या जागी आणि खालचा त्याच्या दोन मिलिमीटर उजवीकडे. दोन मिलिमीटर म्हणजे पट्टीवर डोळे ताणून बघावे लागतात. पण उशीच्या अभ्र्यावर, गडद हिरव्या दोऱ्यात, ते खोलीच्या दारातून दिसत होतं. मावशीने अभ्रा खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि म्हणाली, “मोडलेलं हाड नीट न बसवता तसंच प्लास्टर केल्यासारखं दिसतंय गं हे.”

मावशी आयुष्यभर हाताने भरतकाम करत आलीय. माझ्या भरतकामाच्या मशीनबद्दल तिला कुतूहल आहे, आदर मुळीच नाही. शेवटी तिनेच त्या फटीवर एक जास्तीचं पान भरून दिलं, दहा मिनिटांत, गप्पा मारता मारता. मी मात्र त्या दिवशी ठरवलं की मशीन बदलायचं, आणि या खेपेला फ्रेमचा आकार बघून बदलायचं. फ्रेम म्हणजे कापड ताणून धरणारी चौकट. हूप म्हणा, फ्रेम म्हणा; मावशी तिला रिंगच म्हणते.

पहिलं मशीन घेताना मी आत तयार डिझाइनं किती आहेत ते बघितलं होतं, पडदा रंगीत आहे का बघितलं होतं, सुईत दोरा आपोआप ओवला जातो का हेही विचारलं होतं. फ्रेम चार बाय चार इंच असं खोक्यावर ठळक छापलेलं होतं. मी ते वाचलं आणि पुढे गेले. चार इंच म्हणजे साधारण तळहाताएवढं, मला लागणार तरी किती, असा सगळा हिशेब.

पहिला धक्का महिन्याभरात बसला. एका फुलाच्या डिझाइनची फाइल विकत घेतली होती, वर्णनात आकार स्वच्छ लिहिलेला: चार इंच. पेन ड्राइव्ह लावला तर मशीन फाइल उघडेना. दुसरा पेन ड्राइव्ह आणला. मग वाटलं, फाइलचा प्रकार चुकला असेल. ब्रदरची मशिनं पीईएस वाचतात, जानोमेची जेईएफ, आणि ताजिमाचं डीएसटी बऱ्याच ठिकाणी चालतं, फक्त त्यात दोऱ्याचे रंग साठवलेले नसतात, एवढं मला तोवर कळलं होतं. प्रकार बरोबर होता. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. शेवटी माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांत उत्तर सापडलं. भरता येणारी जागा १०० बाय १०० मिलिमीटर. आणि चार इंच म्हणजे १०१.६. ते फूल माझ्या मशीनला जेमतेम दीड मिलिमीटरने मोठं होत होतं, आणि मशीनच्या लेखी दीड मिलिमीटर काय नि दीड मीटर काय, सारखंच.

गंमत अशी की पाच बाय सात म्हणून विकली जाणारी फ्रेम उलट बाजूने चुकते. तिच्यात भरायची जागा १३० बाय १८० मिलिमीटर असते, म्हणजे पाच इंचांपेक्षा तीन मिलिमीटर आणि सातपेक्षा दोन मिलिमीटर जास्तच. तेव्हापासून मी इंच हा शब्दच सोडला. आणि फ्रेमच्या आतली मोकळी जागा पट्टीने मोजणंही सोडलं, कारण ती आणखीच मोठी भरते. सुईपाशी कापड दाबून धरणारा प्रेसर फूट कडेला आपटू नये म्हणून चारी बाजूंनी थोडी कड मोकळी ठेवलेली असते. खरा आकडा एकच, पुस्तिकेतला, मिलिमीटरमधला.

मग मी डिझाइनं लहान करू लागले. १४० मिलिमीटरचा एक पक्षी होता, तो ९८ वर आणला. म्हणजे ७० टक्के. मला वाटलं, टाकेही त्या मानाने कमी होतील. पण ज्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये हा उद्योग केला ते टाके नव्याने मांडत नव्हतं, होते तेच जवळ जवळ सरकवत होतं. लांबी ७० टक्के, रुंदी ७० टक्के, म्हणजे क्षेत्रफळ ४९ टक्के. निम्म्या जागेत तेवढेच टाके. पक्ष्याचं पोट भरता भरता सुई ठणकन मोडली आणि टोक बॉबिनच्या बाजूला कुठेतरी आत गेलं. भरून झालेला भाग पुठ्ठ्यासारखा कडक. तो टी-शर्ट घातला की छातीवर पक्षी नव्हे, बिल्ला लावल्यासारखं वाटायचं. मशीनवरच लहानमोठं करायला गेलं तर ते थोड्या टक्क्यांपुढे जाऊ देत नाही, यावर मी आधी चिडायचे. त्या दिवसापासून चिडणं बंद केलं.

त्यावर उपाय म्हणून लांब फ्रेम घेतली. चार इंची मशीनलाच बसणारी, १०० बाय १७२. इथे माझी शुद्ध फसगत झाली आणि दोष कुणाचाच नाही, कारण कुणी खोटं सांगितलं नव्हतं. फ्रेम लांब होती. मशीन लांब नव्हतं. ज्या दांड्याला फ्रेम अडकवतात तो दोन्ही दिशांना १०० मिलिमीटरच सरकतो, त्याला लांब फ्रेम दिली म्हणून तो जास्त सरकणार थोडाच. लांब फ्रेमच्या बाजूला अडकवायच्या जागा एकाहून जास्त असतात, इतकंच. डिझाइन आधी सॉफ्टवेअरमध्ये तुकड्यांत कापायचं, वरचा तुकडा भरायचा, फ्रेम काढून पुढच्या जागी अडकवायची, मग खालचा. कापड फ्रेममधून निघत नाही, त्यामुळे जोड तसा अचूक यायला हवा. पण वरचा भाग भरताना टाक्यांनी कापड आत ओढलेलं असतं, आणि फ्रेम काढता-घालताना माझा अंगठा नेमका कापडावर दाबला गेला. म्हणून तो देठ. जोड कधीही बारीक रेषेवर टाकू नये, पानाच्या किंवा फुलाच्या खाली लपेल असा टाकावा, हे शहाणपण अर्थातच नंतरचं.

नवीन मशिनं बघायला बाहेर पडण्याआधी मी एक वही केली. दीड महिना, जे जे भरावंसं वाटलं किंवा कुणी मागितलं, त्याची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहायची. स्वप्नं लिहायची नाहीत, असा नियम. पहिल्याच पानावर मी ‘जॅकेटची पूर्ण पाठ’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. माझ्याकडे जॅकेटच नाही.

रुमालाचा कोपरा ५०. लाळेऱ्यावरचा ससा ७०. टी-शर्टवर छातीशी छोटं चिन्ह ८० ते ९०. कापडी पिशवी १२० बाय १६०. उशीच्या अभ्र्याचा मध्य १५०, कधी २००. टॉवेलवर नाव १२० ते १७०. टेबलक्लॉथची किनार, त्यापुढे आकड्याऐवजी नुसती आडवी रेघ. पानं उलटून बघितलं तर अर्ध्याहून जास्त नोंदी १०० मध्येच बसत होत्या. म्हणजे ज्या मशीनला मी एवढे दिवस नावं ठेवत होते ते माझ्या निम्म्या कामाला पुरत होतं. राग उरलेल्या निम्म्याचा होता, आणि त्यातही बहुतेक गर्दी एकाच गोष्टीची होती: खरोखरीच्या नावांची. टॉवेलवर नाव, पिशवीवर नाव, टी-शर्टच्या पाठीवर नाव.

आणि आपली नावं देवनागरीत. याबद्दल फ्रेमचे आकार समजावून सांगणारं कुणीच बोलत नाही. रोमन लिपीतलं नाव २० मिलिमीटर उंचीत सहज बसतं. देवनागरीत २० मिलिमीटर ही फक्त शिरोरेषेखालच्या अक्षराची उंची झाली. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, आणि एखादं जोडाक्षर अंगावर अंग टाकून बसलेलं असेल तर आणखी खाली. सगळं धरून ३५ च्या पुढे जातं. अक्षर लहान करावं तर मात्रेचा गोळा होतो, आणि अनुस्वाराचं टिंब फारच बारीक झालं की सुई एकाच भोकात नाचत राहते आणि कापडाच्या मागे दोऱ्याची गाठोडी साठते. म्हणून अक्षर मोठं ठेवायचं. मोठं ठेवलं की नाव लांबतं. ‘ओवी’ शंभरात मावते, ‘राजलक्ष्मी’ मावत नाही. माझ्या मशीनमध्ये आधीपासून असलेली अक्षरं सगळी रोमन, त्यामुळे प्रत्येक नावाचं पंचिंग, म्हणजे टाक्यांची फाइल बनवणं, वेगळं करून घ्यावं लागत होतं, आणि ते करून घेतल्यावर नाव फ्रेममध्ये बसत नाही असं कळलं की काय वाटतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

याच नावांनी मला मशीन पारखायची युक्ती दिली. टाका कापडाला स्वतःच्या दिशेने आत ओढतो. अक्षराची उभी दांडी सॅटिन टाक्याने, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणाऱ्या दाट टाक्यांनी, भरली की टाके आडवे पडतात, म्हणजे प्रत्येक दांडी कापडाला आडवं थोडंसं आवळते. पाच-सहा अक्षरं भरून होईपर्यंत नाव मूळ मापापेक्षा किंचित आखूड झालेलं असतं. सगळ्यांत शेवटी शिरोरेषा भरायला घेतली की ती मूळच्या मापानेच येते. कापड फ्रेममध्ये पक्कं धरलेलं असेल तर ती अक्षरांच्या माथ्यावर अलगद टेकते. ढिलं असेल तर शेवटच्या अक्षरापुढे काडीसारखी बाहेर डोकावते, नाहीतर मधल्याच एखाद्या अक्षराचं डोकं आणि रेषा यांच्यात केसाएवढी फट राहते आणि तिच्यातून खालचं कापड दिसतं. पंचिंग करणारे एरवी या ओढीची भरपाई आधीच धरतात. मी मुद्दाम ती अगदी कमी ठेवायला सांगितली आणि एक चाचणीची फाइल करून घेतली: ‘राजलक्ष्मी’, १७० मिलिमीटर लांब, अक्षरं आधी, शिरोरेषा शेवटी. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, ती जरा हलली तर कुणाला पत्ता लागत नाही. शिरोरेषा मात्र लगेच चहाडी करते.

ती फाइल, चार जुने टी-शर्ट आणि मागे लावायच्या न फाटणाऱ्या स्टॅबिलायझरची, म्हणजे कापडाला आधार देणाऱ्या कागदाची, गुंडाळी पिशवीत टाकून मी निघाले.

पहिलं मशीन १३० बाय १८० चं. दाखवणारा मुलगा उत्साही होता. त्याच्याकडे जाड सुती कापड फ्रेममध्ये आधीच आवळून ठेवलेलं होतं, मागे कागदाचे दोन थर. त्यावर काहीही भरलं असतं तरी देखणंच दिसलं असतं. मी टी-शर्ट काढला.

“ताई, ही होजिअरी आहे. ताणली जाईल.”

“म्हणूनच आणलीय.”

त्याने टी-शर्ट फ्रेममध्ये घातला, चारी बाजूंनी खेचला, स्क्रू पिळला आणि टिचकी मारून दाखवली. ढोलकीसारखा आवाज आला. मावशीचाही हाच नियम आहे, रिंगमधलं कापड वाजलं पाहिजे. सुती कापडाला तो नियम बरोबरच आहे. होजिअरीला मात्र तो लावला की भरताना सगळं सुरेख दिसतं, आणि फ्रेम सोडली की कापड मूळ मापावर येतं, टाके येत नाहीत. तसंच झालं. नाव भरून झालं, शिरोरेषा बसली, त्याने विजयी मुद्रेने फ्रेम उघडली आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत अक्षरांभोवती चुण्या गोळा झाल्या. दुसऱ्या टी-शर्टला मी सांगितलं की ताण स्टॅबिलायझरला द्या, कापड नुसतं त्यावर सपाट झोपवा. या वेळी रेषाही जुळली आणि चुण्याही नाहीत. त्या मशीनबद्दल तक्रार करायला मला जागाच उरली नाही, एक सोडून. १८० मध्ये १७० मिलिमीटरचं नाव बसवलं की दोन्ही टोकांना पाच-पाच मिलिमीटर उरतात. कापड फ्रेममध्ये घालताना नाव पाच मिलिमीटर वाकडं आलं तर सरकवून घ्यायला वाव नाही, पुन्हा पहिल्यापासून घाला.

दुसरं १६० बाय २६० चं. इथे मी मोठ्या फ्रेमच्या लांब बाजूलगत, बरोबर मध्यावर नाव टाकायला सांगितलं, कारण माझा संशय तिथेच होता. तिसऱ्या अक्षरावर फट पडली. फ्रेम न काढता बोट लावून बघितलं तर दोन्ही टोकांना कापड घट्ट आणि मध्यावर मऊ, दाबलं की खाली जाणारं. लांब फ्रेमच्या सरळ बाजू मध्यावर किंचित बाहेर झुकतात. कोपऱ्यात पकड असते तशी मध्यावर नसते. गोल रिंगमध्ये ही भानगड होत नाही, तिथे पकड सगळीकडून सारखी. निराश होऊन मी आवराआवर करत होते तेवढ्यात दाखवणाऱ्या बाईंनी त्याच मशीनला १३० बाय १८० ची फ्रेम अडकवली आणि म्हणाल्या, “आता बघा.” तोच टी-शर्ट, तीच फाइल, आणि शिरोरेषा अशी बसली की नखाला सांधा लागेना.

तोवर माझ्या डोक्यात मशीन म्हणजे एक फ्रेम असं समीकरण होतं. खरं तर खोक्यावरचा आकडा ही वरची मर्यादा असते. तिच्याखाली त्या मशीनला कुठकुठल्या लहान फ्रेम बसतात, ते निराळं विचारावं लागतं, आणि विचारलं नाही तर कुणी सांगत नाही.

तिसरं बघायला नको होतं, पण बघितलं. सहा सुयांचं, २०० बाय ३०० ची फ्रेम, खालून मोकळा दांडा. कपडा त्या दांड्याभोवती लोंबकळत राहतो, त्यामुळे बाही, पिशवी, बंद खिसा, काहीही भरा, मागचा थर सुईखाली येत नाही. माझ्या सपाट मशीनवर मला टी-शर्टची मागची बाजू गोळा करून फ्रेमभोवती चिमटे लावून ठेवावी लागते. एकदा एक चिमटा निसटला आणि मी टी-शर्टचं पोट पाठीला शिवून टाकलं. उसवायला दीड तास. तर हे सहा सुयांचं मशीन आपलं आपण रंग बदलत होतं आणि मी तोंड उघडं टाकून बघत उभी होते. मग वही आठवली. माझी नावं एकरंगी. सहांतल्या पाच सुया माझ्याकडे बघत बसल्या असत्या. शिवाय ते धूड एकट्याने हलवण्यासारखं नाही.

मोठ्या फ्रेमचा मोह कमी व्हायला एका हिशेबाचीही मदत झाली. भरीव भागात टाक्यांच्या ओळी साधारण ०.४ मिलिमीटर अंतरावर असतात, एक टाका ४ मिलिमीटरचा धरला तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये ६२ च्या आसपास टाके बसतात. १० बाय १० सेंटिमीटरचा भरीव चौकोन म्हणजे सव्वासहा हजार टाके. २० बाय २० चा म्हणजे पंचवीस हजार, खालचा आधाराचा थर वेगळाच. मिनिटाला ४०० टाके घालणाऱ्या माझ्या जुन्या मशीनला त्याला तासाहून जास्त वेळ लागला असता, ६५० वाल्याला चाळीसेक मिनिटं. आणि मध्येच बॉबिन संपणार, दोरा तुटणार, कुणीतरी दारावरची बेल वाजवणार. मोठं डिझाइन भरणं म्हणजे नुसतं एक बटण दाबणं नाही, मशीनजवळ बसून राहणं आहे.

शेवटी दुसरं घेतलं, १६० बाय २६० चं. कारण मोठी फ्रेम नव्हे. १७० चं नाव जरा तिरकं आलं तर आत फिरवून, सरकवून सरळ करता येतं, त्याला लागणारी मोकळी जागा या मशीनमध्ये होती, आणि त्याला १३० बाय १८० आणि १०० बाय १०० अशा दोन्ही लहान फ्रेम मिळत होत्या. सुईपासून उजव्या खांबापर्यंतचं अंतरही पट्टीने मोजून घेतलं. फ्रेम डावीकडून अडकते, म्हणजे उजवीकडचं उरलेलं सगळं कापड त्या कमानीत कोंबावं लागतं. मोठा टॉवेल गुंडाळून तिथे मावतो का, हे नुसतं मशीन बघून कळत नाही. मी टॉवेलही नेला होता. दुसऱ्या फेरीला.

खोक्यात फक्त मोठी फ्रेम निघाली. लहान दोन्ही वेगळ्या घ्याव्या लागल्या. आज वापराचं म्हणाल तर १३० बाय १८० ची रोज, १०० ची बऱ्याचदा, आणि मोठी महिन्यातून दोन-तीनदा. डिझाइन मावेल त्यातली सगळ्यांत लहान फ्रेम घ्यायची, हे आता हाताच्या सवयीचं झालंय. पकड चांगली बसते हे एक, आणि कागद वाचतो हे दुसरं. मोठ्या फ्रेमला मी साधारण २३ बाय ३५ सेंटिमीटरचा तुकडा कापते, शंभरीला १७ बाय १७ पुरतो. जवळजवळ तिप्पट फरक, आणि उरलेल्या कडा कशाच्याही कामाच्या नाहीत.

मोठ्या फ्रेमच्या मऊ मध्याला मावशीनेच औषध दिलं. तिच्या लाकडी रिंगचं आतलं कडं तिने सुती पट्टीने गुंडाळून घेतलेलं असतं, रेशमी कापड घसरू नये म्हणून. तिने माझी प्लॅस्टिकची फ्रेम उलटसुलट करून बघितली, “नुसती गुळगुळीत ठेवलीय, धरणार कशी?” म्हणाली, आणि आतल्या चौकटीच्या दोन्ही लांब बाजूंना पातळ सुती पट्टी गुंडाळून टाचून दिली. पट्टी जाड झाली तर चौकट बसत नाही, पहिल्यांदा तसंच झालं. पातळ घेतल्यावर फरक पडला. चाचणीचं नाव पुन्हा भरून बघितलं. फट पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण आता मी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

जाड टॉवेल मात्र या स्क्रूच्या फ्रेममध्ये घालणं म्हणजे कुस्ती. बाहेरची चौकट बसत नाही, बसली तर टॉवेलची लव चेपून कायमचा चौकोन उमटतो. तिथे मी फक्त कागद फ्रेममध्ये घट्ट बसवते, टॉवेल वर ठेवून कडेने कच्चा धावदोरा मशीनकडूनच मारून घेते, आणि लव टाक्यांतून वर येऊ नये म्हणून वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म. चुंबकाची फ्रेमही बघितली. सुंदर धरते. माझं बोटही सुंदर धरलं होतं. आणि मावशीच्या शेजारणीला पेसमेकर आहे, ती आमच्याकडे रोज येते, म्हणून तो विचार तूर्त बाजूला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तिकेतून मी मोजून घेतली नव्हती: भिंत. जुनं मशीन भिंतीला लागून होतं, तिथेच नवं ठेवलं. २६० मिलिमीटर पुढेमागे सरकायचं म्हणजे फ्रेमला मशीनच्या मागेही जागा लागते. लहान फ्रेमने आठवडाभर काही झालं नाही. मोठी पहिल्यांदा लावली, अर्धं डिझाइन झालं आणि मागून ‘खर्र’ असा आवाज आला. फ्रेम भिंतीला टेकली होती. दांडा तिथून पुढे गेला नाही, पण मशीनच्या हिशेबात तो गेला होता. पुढचं सगळं डिझाइन तेवढ्याच अंतराने खाली घसरलं. मशीनने कुरकूर केली नाही, इशारा दिला नाही, शांतपणे चुकीच्या जागी भरत राहिलं. आता टेबल खोलीच्या मध्यावर आलंय आणि घरातले सगळे त्याला वळसा घालून जातात.

सध्या त्या टेबलावर वहीतली आडवी रेघवाली नोंद पसरली आहे. टेबलक्लॉथच्या एका बाजूची किनार १७५० मिलिमीटर, वेलीचा एक तुकडा २५० चा, म्हणजे सात वेळा फ्रेम लावायची. कागदावर मूळ मापात छापलेली वेल कापडावर ठेवून प्रत्येक जोडापाशी पुसता येणाऱ्या पेनाने फुली मारली आहे, आणि नवीन फ्रेम लावली की पहिली सुई त्या फुलीच्या मध्यावर उतरते का ते हाताने चाक फिरवून बघते. जोड प्रत्येक ठिकाणी पानाखाली घेतलाय. चार झाले. पाचव्याला फुली आणि सुई यांच्यात अर्धा मिलिमीटर फरक येतोय, म्हणून कापड दोनदा काढून घातलं. मावशी समोर बसली आहे, सुईत हिरवा दोरा ओवून.